कमरेचं कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट

१ जानेवारी १९९७, सकाळी ७.१०

ही वही खासगी आहे. कोणीही वाचायची नाही. (वृंदा, हे तुझ्यासाठी.)

संकल्प एकच. गुढीपाडव्याला, म्हणजे ८ एप्रिलला, दिल्लीतल्या द्वारकेच्या नव्या फ्लॅटमध्ये गुढीची काठी मी स्वतः खांद्यावरून वर नेणार. चौथा मजला. सत्तर पायऱ्या. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. एकोणतीस वर्षं आर. के. पुरमच्या अंधाऱ्या सरकारी क्वार्टरमध्ये तळमजल्यावर काढली. आता जरा उजेड, वारा. सोसायटीच्या ड्रॉमध्ये चौथा मजला निघाला तेव्हा टाळी मी वाजवली. वृंदाने नाही वाजवली.

अडचण फक्त कंबर. ऑगस्टात ऑपरेशन झालं, मणक्यातल्या सरकलेल्या गादीचा तुकडा काढला. सर्जन म्हणाले, एकदम सक्सेसफुल. दिवाळीपर्यंत होतंच. लक्ष्मीपूजनाला पाटावरून उठायला गेलो आणि तीच कळ, तोच डावा पाय. तेव्हापासून जो भेटतो तो डॉक्टर. कोणी तेल सांगतं, कोणी सुया, कोणी लोहचुंबक.

लोक एकाच वेळी चार उपाय करतात आणि मग म्हणतात, कशाने बरं वाटलं कळलं नाही. कसं कळणार! मी परचेस सेक्शनचा माणूस. टेबलखुर्ची घ्यायची तरी सगळ्यांचे दर शेजारी शेजारी मांडून कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट केल्याशिवाय सही करत नाही. कंबर तर स्वतःची.

२ जानेवारी

नियम ठरवले. एका वेळी एकच उपचार, प्रत्येकाला पंधरा दिवस, मिसळामिसळ नाही. रोज सकाळी दुखण्याला दहापैकी गुण. सगळ्यात कमी दुखणं ज्याचं, तो लोएस्ट. लोएस्ट पास. एकदा तारखा ठरल्या की बदल नाही, नाहीतर टेंडरला अर्थ काय.

क्रम: १. व्यायाम आणि ट्रॅक्शन. २. आयुर्वेदिक तेल. ३. जुन्या दिल्लीतले हाडं बसवणारे पहलवान. ४. मॅग्नेटची गादी. ५. ॲक्युपंक्चर, गाझियाबाद. ६. सर्जन, पुन्हा तपासणी, इंजेक्शन वगैरे. सर्जनचं पाकीट २२ मार्चला उघडायचं. त्याआधी नाही.

तनयाने तक्ता पाहिला. म्हणाली, बाबा, ये तो बिल्कुल स्कोअरकार्ड लगता है. बारावीत आहे पण मराठीची सलग दोन वाक्यं येत नाहीत. माझं दुर्लक्ष झालं. पाडव्यानंतर बघतो.

६ जानेवारी

उपचार क्र. १ सुरू. हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्ट चंद्रप्रभा मॅडम. नागपूरच्या. आवाज हेडमिस्ट्रेसचा. पहिल्याच दिवशी कार्डाच्या मागे बॉलपेनने तीन ओळी लिहून दिल्या. पाऊल लुळं पडलं, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडायला लागली, तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. मला दोनदा म्हणायला लावलं. चोपन्न वर्षांच्या माणसाला!

कार्ड वहीत चिकटवलं. शेजारी शेरा मारला: लागू नाही.

दुखणं ७.

१३ जानेवारी

दुखणं ७. व्यायामाने दुखतं. मॅडम म्हणतात, दुखणारच, हळूहळू वाढवत न्यायचं, महिने लागतात. महिने! दुखू नये म्हणून गेलो तर यांनीच दुखवायचं. उपचाराने दुखणं वाढणं हा टेक्निकल डिफेक्ट आहे.

१८ जानेवारी

दुखणं ५. मदर डेअरीच्या बूथपर्यंत चालत गेलो, दूध घेऊन आलो, वाटेत कुठे टेकलो नाही. वृंदा दारात उभी राहून बघत होती. मग चहात आलं घातलं, मी न सांगता.

२० जानेवारी

दुखणं ७. काल ब्लूलाइन बसने मागच्या सीटवर बसून गाझियाबादला ॲक्युपंक्चरची तारीख घ्यायला गेलो होतो. पण नियम म्हणजे नियम, शेवटच्या दिवसाचा आकडा धरायचा. क्र. १ बाद.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, आत्ताच तर गुण येत होता, सोडू नका. प्रत्येक पार्टी असंच म्हणते.

४ फेब्रुवारी

क्र. २ संपला. तेल लावून घ्यायला छान वाटतं. वास मात्र असा की बसमध्ये लोक सरकून बसायचे. दुखणं ६. वैद्य सज्जन. त्यांनीही पायात ताकद किती ते पाहिलं आणि सर्जनला एकदा दाखवून घ्या म्हणाले. दाखवणारच आहे, २२ मार्चला. त्यांना तक्ता दाखवला. त्यांनी तेलाची बाटली बंद केली.

रात्रीचं जेवण लवकर. उद्या पहलवान.

५ फेब्रुवारी

काय माणूस! ऑफिसातले राजाभाऊ सोबत आले होते, त्यांच्या मेहुण्याचा खांदा इथेच बसला. दुकानात फोटोच फोटो, कुस्तीचे. मला पालथं झोपवलं. ऑपरेशनची खूण बघून पहलवान म्हणाले, बाबूजी, काटने वालों ने काट दिया, बिठाया किसी ने नहीं. मग गुडघा कमरेत आणि दोन्ही खांदे मागे. असा आवाज झाला की राजाभाऊ बाहेर जाऊन उभे राहिले.

डोळ्यांपुढे काळोख आला. पण आला तसा गेला. घरी रिक्षाने आलो. वृंदाला आवाजाचं सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी

दुखणं ३! तीन! गेल्या दिवाळीपासून तीन पाहिला नव्हता. डाव्या पायातली ती विजेसारखी कळ गेली. पाय एकदम शांत.

किरकोळ: डाव्या पायातली चप्पल निसटते. बाथरूमपासून पलंगापर्यंत आलो तर एकाच पायात चप्पल, दुसरी मोरीपाशी. कळलंच नाही. चप्पल सैल झालीय. जुनीच आहे.

११ फेब्रुवारी

मागे पट्टा असलेली सँडल आणली. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड. दुखणं ३.

वृंदा म्हणते, तुम्ही चालताना फर्र असा आवाज येतो. सँडल नवी आहे, नवीन सोल वाजतो. ती म्हणते, मग एकाच पायाचा का वाजतो? बायकांना शंका काढायला काय लागतं.

१६ फेब्रुवारी

गुणवंतराव खानोलकर आले होते. सोसायटीतले. त्यांना ड्रॉमध्ये तळमजला लागलाय आणि त्यांना हवाय वरचा. डास फार आणि समोर गाड्या लागणार म्हणून. अदलाबदल करू म्हणाले. २८ फेब्रुवारीपर्यंत दोघांनी सोसायटीला पत्र दिलं की झालं. वृंदाने लगेच पोह्यांची दुसरी बशी पुढे केली.

मी म्हटलं, गुणवंतराव, माझा तक्ता बघा. सात, सहा, तीन. पाडव्याला शून्य. सत्तर पायऱ्या मी काठी घेऊन चढणार आहे, तुम्ही खाली उभं राहून बघा.

ते माझ्या पायाकडे बघत होते. उंबऱ्याला अंगठा अडकला होता तेव्हा. उंबरा उंच आहे. एकोणतीस वर्षांत आज प्रथम लक्षात आलं की पी.डब्ल्यू.डी.ने उंबरा उंच केलाय.

१९ फेब्रुवारी

क्र. ३ समाप्त. दुखणं २. सध्याचा लोएस्ट. पहलवानांना सांगायला गेलो तेव्हा पाऊल पडतं कसं ते त्यांनी पाहिलं, आणि म्हणाले, अब बड़े अस्पताल में दिखा लो. स्वतःचं काम जिंकलेलं असताना हा विनय. जुन्या पिढीत असतो.

२२ फेब्रुवारी

क्र. ४, मॅग्नेटची गादी. राजाभाऊच आता त्या कंपनीत मेंबर झालेत, गळ्यात टाय घालून घरी आले. बाजार खुला झाल्यापासून कारकूनही टाय लावतो. अठ्ठावीस चुंबकं शिवलेली आहेत. मेंबर व्हा म्हणाले, तुमच्याखाली दहा माणसं आली की, वगैरे. आधी गुण येऊ दे म्हटलं.

थंडी अजून आहे म्हणून पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपलो. सकाळी वृंदा ओरडली. डाव्या घोट्याशी लिंबाएवढा फोड. मला काहीच कळलं नाही. वृंदाने मलम लावलं, बोटाने दाबत विचारत होती, इथे? इथे? मी म्हटलं, नाही दुखत, सांगतोय ना. तिच्या डोळ्यांत पाणी. अहो, चांगली गोष्ट आहे! पूर्वी चादर लागली तरी कळ यायची. सहनशक्ती वाढलीय.

दुखणं २.

२६ फेब्रुवारी

वृंदाशी भांडण. ती म्हणते, उद्याच्या उद्या सर्जनकडे चला. तिने चिकटवलेलं कार्ड वाचलेलं दिसतं. म्हणजे वही वाचते! पहिल्या पानावर नाव घालून लिहिलंय तरी!

समजावून सांगितलं. आत्ता सर्जनकडे गेलो आणि त्याने गोळ्या दिल्या, तर चौथ्या उपचाराचा निकाल काय लावायचा? गादीचा गुण की गोळीचा? दोन महिन्यांचं काम पाण्यात. आणि कार्डावर पाऊल लुळं पडलं तर असं लिहिलंय. माझं पाऊल लुळं नाही. शांत आहे.

ती म्हणाली, तुम्हाला पाय हवाय की तक्ता? फेकून मारल्यासारखं म्हणाली. मी तक्ता नीट घडी घालून कपाटात ठेवला.

(थोडी भीती वाटली. लिहून ठेवतो, पण धरायची नाही. गुणांमध्ये भीतीचा रकाना नाही.)

६ मार्च

क्र. ४ समाप्त. दुखणं १. एक! पहलवानाचा रेकॉर्ड तुटला. गादीची कमाल म्हणजे बसलो की बसल्यासारखंच वाटत नाही. हवेत बसल्यासारखं. ऑफिसच्या लाकडी खुर्चीवरही तसंच, म्हणजे गुण शरीरात मुरलाय. राजाभाऊंना फॉर्म आणायला सांगितला. तनयाच्या परीक्षा चालू आहेत, तरी तिने वर बघून विचारलं, बाबा, सुन्न है क्या? मी म्हटलं, सुन्न नाही, हलकं. ती आईकडे बघत राहिली.

११ मार्च

ॲक्युपंक्चर. गाझियाबादला राजाभाऊंच्या स्कूटरवर. सुया डाव्या पायात बारा. एकही टोचली नाही. सुईवाले डॉक्टर थांबले, परत एक टोचली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही होतंय का विचारलं. मी हसून म्हटलं, डॉक्टरसाहेब, हाथ बड़ा हल्का है आपका. त्यांनी सुया काढून ठेवल्या. रीढ़ की हड्डी वाले डॉक्टर को दिखाइए, आज ही, म्हणाले. पुढची तारीख देईनात.

सगळे एकमेकांकडे ढकलतात. सरकारी ऑफिसपेक्षा वाईट.

दुखणं १. उपचार क्र. ५ पार्टीने माघार घेतल्यामुळे रद्द. तरी २१ पर्यंतचा पीरियड मोकळा ठेवावा लागेल. सहावं पाकीट आधी उघडता येत नाही.

१७ मार्च

एक अनपेक्षित फायदा. पूर्वी ऑफिसात पाच वेळा लघवीला उठायचो. आता दोनदा. उभं राहावं लागतं जरा, सात-आठ मिनिटं, नळ सोडून. तेवढ्यात मनातल्या मनात एका फाइलचं नोटिंग तयार होतं. मूत्रपिंडं बळकट झाली असणार.

राजाभाऊ बाहेर दार वाजवत होते. जिवंत आहात ना म्हणून.

पोट जरा फुगलंय. होळी जवळ आली, पुरणाची वाट बघत असेल.

२० मार्च

दुखणं ०.

शून्य. तारखेच्या एकोणीस दिवस आधी. वहीत लाल पेनने लिहिलं. वृंदाला दाखवलं. तिने हात जोडले. मला वाटलं देवाला. म्हणाली, तुमच्यापुढे जोडतेय, चला.

२२ ला जाणारच आहे म्हटलं. शनिवार आहे. दोन दिवसांनी काय होतंय?

२२ मार्च

सर्जन परदेशी कॉन्फरन्सला. त्यांच्या असिस्टंटने आत घेऊन तपासतो म्हटलं, पण टेंडर ज्याच्या नावाचं, पाकीट त्याच्याच समोर उघडायचं. मंगळवारी या, साहेब येतील, असं खिडकीवरच्या बाईने सांगितलं. आलो परत. रिक्षात वृंदाला शून्याचं पान परत दाखवलं. तिने रिक्षाच्या बाहेर बघितलं.

२४ मार्च, होळी, सकाळी ८.४०

दुखणं ०. आज गच्चीवर जाऊन रंग बघायचा विचार आहे. क्वार्टरच्या तीन मजल्यांच्या पायऱ्या, म्हणजे सत्तरची रंगीत तालीम.

३ एप्रिल, हॉस्पिटल

दहा दिवसांनी वही मिळाली. वृंदाने आणली, न मागता.

काय झालं ते लिहितो. सातव्या पायरीवर डावा पाय वर आला नाही. उजव्यानेही ऐनवेळी साथ सोडली. खाली आलो. लागलं काहीच नाही, हेच सगळ्यांना भयंकर वाटलं. पडताना धोतर ओलं झालं, मला कळलं नाही. गुलाल लावलेले लोक भोवती. तनया धावत आली आणि माझ्यावर स्वतःची ओढणी टाकली.

त्याच दुपारी ऑपरेशन. मणक्यातल्या गादीचा मोठा तुकडा मागे सरकून नसांच्या जुडग्यावर बसला होता. सर्जन अजून परत आले नव्हते. ज्या असिस्टंटला मी नाही म्हटलं होतं, त्यानेच केलं.

ऑपरेशनच्या आधी त्या असिस्टंट मुलाने विचारलं, पाऊल कधीपासून पडलंय? मी म्हटलं, आज सकाळपासून. मला खरंच तसं वाटत होतं. वृंदाने पिशवीतून वही काढली. आणि वाचायला लागली. हिंदीत भाषांतर करत, सगळ्या वॉर्डासमोर, अडखळत. सात फेब्रुवारी, चप्पल. बावीस फेब्रुवारी, फोड. सहा मार्च, बसल्यासारखं वाटत नाही. सतरा मार्च. तो मुलगा प्रत्येक तारीख केसपेपरवर उतरवत होता. वाचताना मध्येच तिने पाणी मागितलं, प्यायली आणि पुढे वाचलं. भीतीच्या रकान्याचं वाक्यही वाचलं.

मुलाने बोटांवर मोजलं. सात फेब्रुवारीपासून पंचेचाळीस दिवस. मग म्हणाला, अंकलजी, रिकॉर्ड आपने बहुत अच्छा रखा है.

टोमणा नव्हता. बिचारा मनापासून म्हणाला.

८ एप्रिल, गुढीपाडवा

हॉस्पिटलातून सुट्टी मिळून घरी. नव्या घरी. तळमजल्यावर.

वृंदाने २७ फेब्रुवारीलाच पत्र दिलं होतं. जॉइंट मेंबर म्हणून तिची सही, आणि माझी. माझी सही तिने केली. एकोणतीस वर्षं माझ्या सह्या पाहिल्यात तिने. मी बघितली ती, हुबेहूब आहे. रागवायचं ठरवलं होतं. राग आला नाही.

तळमजल्यालाही तीन पायऱ्या आहेत. गुणवंतराव आणि राजाभाऊंनी खुर्चीसकट उचललं. राजाभाऊंनी टाय घातला नव्हता. माझ्याकडे बघत नव्हते. गुढीची काठी तनयाने खांद्यावरून आणली. खिडकीला बांधताना विचारत होती, याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. मी सांगितलं. गाठी. कडुनिंब. तांब्या उलटा. लघवीची नळी लपवायला वृंदाने मांडीवर शाल टाकली होती, एप्रिलच्या उन्हात.

दुपारी चंद्रप्रभा मॅडम आल्या. बोलावलं नव्हतं. वाटलं, आता सुनावतील. सुनावलं नाही. अठरा जानेवारीला दूध आणलं होतंत ना, एवढंच म्हणाल्या. त्यांना कसं माहीत? वृंदाने सांगितलं असणार. परत सुरू करू म्हणाल्या. पायांत ताकद परत येईल का, किती येईल, विचारलं. सांगता येत नाही म्हणाल्या. उजवा येईल. डावा सांगता येत नाही. व्यायाम क्र. १: डावा अंगठा वर उचला. दिवसातून वीस वेळा.

संध्याकाळी ५.३०

वृंदा पायाशी बसली, वही मांडीवर घेऊन. म्हणाली, उचला. मी उचलला. म्हणजे मनातून उचलला, जीव खाऊन, कपाळावर घाम आला. ती म्हणाली, हलला! बघा, हलला थोडा! तनयाला हाक मारली. तनयाही म्हणाली, हां बाबा, हिला. दोघी हसत होत्या. वृंदाने पेन माझ्या हातात दिलं. लिहा, म्हणाली, हलला म्हणून लिहा.

मी बघत होतो. एकटक बघत होतो.

हलला नाही.